भूतान: एकच विषय घेऊन केलेल्या अभ्याससहली (क्रौंच, विणकाम, मुखवटे, पक्षी)

चैत्रपालवी

गेल्या नोव्हेंबरात आम्ही अकरा जण भूतानमध्ये बारा रात्री राहून आलो. सहा वर्षांपूर्वी मी याच देशात एका प्रवासी कंपनीबरोबर सात दिवसांची सहल केली होती. त्या वेळी थिंफू, पुनाखा आणि पारो ही तीन ठिकाणे पाहिली, प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे काढली, आणि घरी आल्यावर कोणता मठ कोणत्या गावातला हे आठवेना. ठिकाणे सुंदर होती, परंतु मला त्यांच्याविषयी काहीच कळले नव्हते, आणि ती रुखरुख मनात राहून गेली. म्हणून या वेळी आम्ही आधी विषय ठरवला आणि मग त्याला लागणारी ठिकाणे निवडली. आमचा विषय होता काळ्या मानेचा क्रौंच आणि तो हिवाळ्यात जिथे उतरतो ते फोबजिखा खोरे.

फोबजिखा समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे. हिमनदीने कोरलेले हे रुंद, सपाट खोरे आहे आणि त्याच्या तळाशी दलदल आहे. तिबेटच्या पठारावर उन्हाळा काढलेले क्रौंच ऑक्टोबरच्या अखेरीस येथे येऊ लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. भूतानी लोक त्यांना 'थ्रुंग थ्रुंग कार्मो' म्हणतात. खोऱ्याच्या टेकाडावर १६१३ मध्ये स्थापन झालेला गांगतेय मठ आहे, आणि पक्षी येताना व जाताना या मठाला तीन प्रदक्षिणा घालतात अशी गावाची श्रद्धा आहे.

आम्ही या एका खोऱ्यात सलग चार रात्री राहिलो. एवढे दिवस तिथे काय करणार, असे सहप्रवाशांपैकी दोघांनी निघण्यापूर्वी विचारले होते. पहिल्या दिवशी आम्हाला फक्त पक्षी दिसले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की ते रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, कारण पाण्यातून चालत येणाऱ्या कोल्ह्याची वा बिबट्याची चाहूल त्यांना लागते, आणि उजाडल्यावर थोड्या थोड्या संख्येने कुरणांकडे उडतात. तिसऱ्या दिवशी आमच्या वाटाड्याने दलदलीच्या कडेचा बुटका बांबू दाखवला. या बांबूचे कोंब आणि मुळे हे क्रौंचांचे महत्त्वाचे खाद्य आहे. उन्हाळ्यात गावची गुरे आणि घोडी याच जागी चरतात, त्यामुळे बांबू वाढून दाट होत नाही आणि हिवाळ्यात पक्ष्यांना तो खाता येतो. मला हा संपूर्ण सहलीतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. गुरे हटवली की पक्ष्यांचे भले होते असे आपण सहज समजून चालतो. येथे गुराखी, गुरे, बांबू आणि क्रौंच हे एकाच साखळीचे दुवे आहेत, आणि ते समजायला तीन दिवस एकाच जागी उभे राहावे लागले.

या खोऱ्यात बटाट्याचे पीक मोठे आहे. पक्षी येण्याच्या सुमारास शेते मोकळी झालेली असतात, त्यामुळे शेतकरी आणि क्रौंच यांचा झगडा फारसा होत नाही. खोऱ्यात वीज आणताना तारा जमिनीखालून नेल्या आहेत, कारण उडणारे मोठे पक्षी खांबांवरच्या तारांना धडकून मरतात. या कामामागे १९८७ मध्ये स्थापन झालेली 'रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर' ही संस्था आहे. गावातले क्रौंच माहितीकेंद्रही तीच चालवते, आणि तेथील दुर्बिणीतून आम्ही सकाळचे कित्येक तास पाहत बसलो. २०१६ पासून हे खोरे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

दर वर्षी ११ नोव्हेंबरला गांगतेय मठाच्या अंगणात क्रौंचमहोत्सव भरतो. तो १९९८ पासून सुरू आहे. शाळेतली मुले पांढरे-काळे पंख लावून क्रौंचनृत्य करतात. आम्ही तीन दिवस खरे पक्षी पाहिले होते, त्यामुळे मान वर करून एकमेकांसमोर उडी घेण्याची लकब मुलांनी किती बारकाईने उचलली आहे, हे आम्हाला ओळखता आले.

उरलेल्या आठ रात्रींपैकी तीन बुमथांगला, दोन पुनाखाला, दोन थिंफूला आणि एक पारोला काढली. त्याविषयी विचारल्यास लिहीन. या धाग्याचा हेतू असा की ज्यांनी भूतानमध्ये एखादा विषय धरून प्रवास केला आहे, किंवा करायचा आहे, त्यांनी आपले अनुभव तपशिलात लिहावेत.

सह्यपक्षी

फार चांगला धागा, ताई. मी पक्षिनिरीक्षणासाठी दोनदा भूतानला गेलो आहे, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये. माझ्या मते पक्ष्यांसाठी या देशातला सर्वांत समृद्ध रस्ता म्हणजे बुमथांगमधल्या उरा गावापासून थ्रुमशिंग ला ही खिंड ओलांडून पूर्वेकडे लिंगमेथांगपर्यंत उतरणारा रस्ता. खिंड ३,७०० मीटरपेक्षा उंच आहे आणि लिंगमेथांग साधारण ६५० मीटरवर. म्हणजे एकाच रस्त्यावर तीन हजार मीटरचा उतार आहे, आणि तो जवळपास सगळा अखंड जंगलातून जातो. वर फरची सूचिपर्णी झाडे आणि ऱ्होडोडेंड्रॉन, मध्ये ओक, मॅग्नोलिया आणि शेवाळाने लडबडलेली रुंदपर्णी झाडे, खाली उष्ण प्रदेशातले रान. प्रत्येक पाचशे मीटरला पक्षी बदलतात.

हा रस्ता एका दिवसात गाडीने उतरता येतो, आणि बहुतेक सहली तसेच करतात. आम्ही त्यासाठी पाच दिवस दिले. पहाटे खिंडीजवळ सॅटिर ट्रॅगोपानची हाक ऐकली. तो दरीतून येणारा लांब, विव्हळल्यासारखा आवाज आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तो लाल-काळा पक्षी रस्त्याच्या कडेला उतरलेला दिसला. योंगकोला भागात वॉर्डचा कर्णा दिसला. आपल्या सह्याद्रीत मलबारी कर्णा पाहिलेल्यांना त्याची बसण्याची ढब लगेच ओळखू येईल, फक्त हा पक्षी अधिक मोठा आणि अधिक गडद आहे. खालच्या टप्प्यात तांबड्या मानेचा धनेश आहे. चिपळूणकडे महाधनेश पाहून वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या पंखांचा घरघराट ऐकून भरून आले.

भूतानमध्ये ७०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. परंतु जो पक्षी पाहावा असे मी प्रत्येकाला सांगेन तो एकच, पांढऱ्या पोटाचा बगळा. जगात हे बगळे अत्यंत कमी उरले आहेत, आणि त्यांतले काही पुनाखा-वांगदू परिसरातल्या नद्यांच्या काठी आहेत. आपल्याकडे अरुणाचलातल्या नामदाफामध्येही तो आहे. त्याला स्वच्छ, वाहते, उथळ पाणी आणि काठी उंच चीर वृक्ष लागतात. याच परिसरातल्या पुनात्सांगछू नदीवर भारताच्या साहाय्याने मोठे जलविद्युत प्रकल्प हाती घेतले आहेत. भूतानला निर्यातीसाठी वीज हवी आहे आणि आपल्याला ती विकत हवी आहे, त्यामुळे या बगळ्याच्या भवितव्यात आपण भारतीयही गुंतलेलो आहोत. हे बोलल्याशिवाय तिथली निसर्गसहल पूर्ण होत नाही असे मला वाटते. सिरांग जिल्ह्यात ताईंनी उल्लेख केलेल्या संस्थेनेच या बगळ्यांचे संवर्धनकेंद्र उभारले आहे.

एक कळकळीची विनंती करतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावू नका. विणीच्या काळात नर पक्षी त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावतो. आमच्या पहिल्या सहलीत एका छायाचित्रकाराने हे वारंवार केले, आणि आमच्यापैकी कोणी त्याला अडवले नाही, याची मला आजही खंत आहे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीला असते. आईवडील पुण्यात आहेत आणि आम्हा सर्वांना एकत्र भूतानला जायचे आहे. माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. खर्चाचा आणि परवान्याचा हिशेब कृपया कोणी सांगेल का? आईचे वय ७१ आहे. तिला उंचीचा त्रास होईल का, हीही काळजी आहे.

चैत्रपालवी

दूरदेशी, तुमच्या घरात दोन वेगळे दर लागतील. भूतान सरकार प्रत्येक प्रवाशाकडून रात्रीच्या हिशेबाने शाश्वत विकास शुल्क घेते. भारतीय नागरिकांसाठी ते रात्रीला १,२०० रुपये आहे. म्हणजे आमच्या बारा रात्रींचे प्रत्येकी १४,४०० रुपये झाले. इतर देशांच्या नागरिकांसाठी २०२२ मध्ये देश पुन्हा खुला झाला तेव्हा हे शुल्क २०० डॉलर होते, सप्टेंबर २०२३ पासून ते १०० डॉलर केले, आणि हा दर ऑगस्ट २०२७ पर्यंत ठेवण्याचे जाहीर केले आहे. येथे पासपोर्ट पाहतात, त्यामुळे ओसीआय कार्ड असले तरी तुम्हाला डॉलरचा दर लागेल आणि व्हिसाही काढावा लागेल. आईवडिलांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेशपरवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्ड चालत नाही. आमच्यातल्या एका काकांना हे सीमेवर गेल्यानंतर कळले असते तर फार पंचाईत झाली असती. सुदैवाने आम्ही आधीच विचारून घेतले होते.

हे शुल्क अनेकांना जास्त वाटते. मला ते योग्य वाटते. १९७४ मध्ये चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने हा देश पर्यटकांसाठी उघडला, तेव्हापासून थोडे पर्यटक आणि चांगले उत्पन्न हेच त्यांचे धोरण राहिले आहे. रस्ता अरुंद, नदीकाठची सपाट जमीन मोजकी, आणि एकूण लोकसंख्या आठ लाखांच्याही आत. तिथे आपल्या एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी मे महिन्यात लोटते तशी गर्दी लोटली तर त्या खोऱ्यांत काय उरेल? राज्यघटनेतच किमान ६० टक्के भूभाग कायम वनाखाली ठेवण्याचे कलम आहे, आणि प्रत्यक्षात जंगल त्याहून अधिक आहे.

उंचीविषयी सांगायचे तर थिंफू सुमारे २,३०० मीटरवर, पुनाखा १,२०० मीटरच्या आसपास आणि बुमथांग २,६०० मीटरवर आहे. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई ७४ वर्षांच्या होत्या. त्यांना उंचीपेक्षा वळणांचा त्रास अधिक झाला. पारोच्या ताक्त्संग मठाची चढण मात्र त्यांनी केली नाही. खालच्या झऱ्याजवळ बसून त्यांनी दुपार घालवली आणि ती त्यांना आवडली. तरीही आईंना निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच न्या.

ताणाबाणा

माझे घराणे येवल्यात तीन पिढ्या पैठणी विणते. मी २०२३ मध्ये फक्त विणकाम पाहण्यासाठी भूतानच्या पूर्व भागात गेलो. विणकरांच्या सहलीत फारसे कोणी पूर्वेला जात नाही, कारण रस्ता लांब आहे, परंतु खरे काम तिकडेच आहे.

ल्हुएन्त्से जिल्ह्यातल्या खोमा गावात घरोघरी बायका कुशुथारा विणतात. हे किरा या स्त्रियांच्या पोशाखाचे सर्वांत मानाचे वस्त्र आहे. माग कंबरेला पट्टा बांधून चालवायचा. उभ्या धाग्यांचा ताण विणणारीच्या पाठीवर असतो. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल पडतो. नक्षी पाहून मी प्रथम भरतकाम समजलो. प्रत्यक्षात मूळ बाण्याशिवाय, म्हणजे आडव्या धाग्याशिवाय, नक्षीसाठी वेगळा जादा धागा बोटांनी आणि अणकुचीदार काडीने उचलून ताण्याभोवती गुंडाळतात. आपल्या पैठणीच्या पदरात रंगीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून कापड आणि नक्षी एकदमच घडते, म्हणून तिची दोन्ही अंगे जवळपास सारखी दिसतात. कुशुथाराची नक्षी मात्र वरच्या अंगालाच उठून दिसते. एक किरा पुरा होण्यास कित्येक महिने लागतात, आणि किंमतही त्या मानाने असते.

मी तिथे पाच दिवस रोज चार तास एकाच ओट्यावर बसलो. पहिल्या दिवशी मला पाहुणा म्हणून सुजा, म्हणजे लोणी-मीठ घातलेला चहा, मिळाला. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला मागावर बसवले आणि माझी पाठ अर्ध्या तासात भरून आली. घरी माझी आई खड्डामागावर बसते, पाय खाली सोडून. तिच्या पाठीचे दुखणे आणि खोमातल्या मावशींच्या पाठीचे दुखणे वेगळे आहे. मी घरी येऊन आईला ते समजावून सांगितले, तेव्हा तिने इतक्या बारकाईने ऐकले की मला वाटले तिलाच न्यायला हवे होते.

त्राशिगांग जिल्ह्यातल्या राडी भागात एरी रेशमाचे 'बुरा' कापड होते. पतंग कोशातून बाहेर पडून गेल्यावर उरलेल्या कोशाचा धागा काततात, त्यामुळे किडा मारावा लागत नाही. अहिंसा मानणाऱ्या बौद्ध समाजाला हे रेशीम जवळचे वाटते यात नवल नाही. आपल्या आसामातही हेच रेशीम आहे. बुमथांगच्या छुमे खोऱ्यात लोकरीचे 'याथ्रा' विणतात. ते रस्त्यालगत असल्यामुळे पाहायला सोपे आहे. पूर्वेला जाणे शक्य नसेल त्यांनी निदान थिंफूचे राष्ट्रीय वस्त्रसंग्रहालय अर्धा दिवस देऊन पाहावे, आणि तिथे मागावर बसलेल्या विणकर असतील तर त्यांच्याजवळ थांबावे.

एक सूचना करतो. विणकराच्या ओट्यावर जाऊन भावात घासाघीस करू नका. महिन्यांच्या श्रमाची किंमत पाच मिनिटांत निम्मी मागणे म्हणजे काय, हे मी येवल्यात काउंटरच्या आतल्या बाजूने अनुभवले आहे.

निवृत्तशिक्षक

मी नाशिकचा. विषय धरून प्रवास करण्याचा विचार मला मुखवट्यांमुळे सुचला. आमच्याकडे जव्हार-पेठ भागात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. लहानपणी तो पाहिलेला असल्यामुळे हिमालयातले मुखवटानृत्य पाहण्याची इच्छा फार दिवसांची होती. दोन वर्षांपूर्वी पारोच्या त्सेचूसाठी गेलो आणि पाचही दिवस तिथेच राहिलो.

त्सेचू म्हणजे दशमी. गुरू रिंपोछे, म्हणजे आपल्याकडून गेलेले पद्मसंभव, यांच्या स्मरणार्थ हे उत्सव होतात. पारोचा वसंतात, थिंफूचा शरदात, आणि इतर जिल्ह्यांचे आपापल्या तिथींना. तिथ्या चांद्रपंचांगाने ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारखा दर वर्षी बदलतात. तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्याव्यात.

बहुतेक पर्यटक एक दिवस येतात, रंगीत कपडे आणि मुखवटे पाहतात आणि जातात. मला सर्वांत खोलवर भिडले ते 'रक्षा मांगछाम' हे मृतांच्या न्यायनिवाड्याचे नृत्य. ते काही तास चालते. शिंजे, म्हणजे यमराज, मध्यभागी बसतो. एका पाप्याला पुढे आणतात, पांढरा आणि काळा असे दोन पक्ष त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलतात, पांढरे आणि काळे खडे तोलले जातात. मग काळे कापड पसरून त्याला नरकाच्या वाटेने नेतात. पुढे पुण्यवान माणूस येतो आणि त्याच्यासाठी पांढरे कापड पसरतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाई हात जोडून हा सारा वेळ पुटपुटत होत्या. मरणानंतरच्या वाटेवर हे मुखवटे भेटतील तेव्हा घाबरायला नको, म्हणून ते जिवंतपणीच ओळखून ठेवायचे असतात, असे आमच्या वाटाड्याने मला सांगितले. चित्रगुप्ताच्या वहीची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही.

नृत्यांच्या मधून लाल मुखवटे घातलेले 'अत्सारा' वावरतात, लोकांना हसवतात, भिक्षूंच्याही खोड्या काढतात. हा शब्द आपल्या 'आचार्य' शब्दावरून आलेला आहे. विदूषकाला गुरूचे नाव का मिळाले, यावर मी वाटाड्याशी एक संपूर्ण संध्याकाळ बोललो. तो म्हणाला की मोहातून हसवून सोडवणारा तोही गुरूच.

शेवटच्या दिवशी पहाटे अंधारात 'थोंगड्रोल' उलगडतात. कापडावर कापड शिवून केलेले ते इमारतीएवढे चित्र आहे, मध्ये गुरू रिंपोछे. ते नुसते पाहिल्याने मुक्ती मिळते अशी श्रद्धा आहे आणि नावाचा अर्थही तोच. सूर्याचे किरण त्यावर पडण्यापूर्वी ते पुन्हा गुंडाळतात. लोक रांगेने येऊन त्याच्या खालच्या काठाला कपाळ टेकवतात. त्या रांगेत मी कॅमेरा पिशवीत ठेवून उभा राहिलो.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. चैत्रपालवी, तुम्ही निघण्यापूर्वी गटाची तयारी कशी करून घेतली? माझ्या मुलांचे वय ११ आणि १४ आहे. ती कंटाळतील का, हा प्रश्न आहे.

चैत्रपालवी

आम्ही जुलैपासून महिन्यातून एकदा भेटलो. प्रत्येकाने एक उपविषय घेतला होता: एकीने दलदलीतल्या वनस्पती, एकाने मठाचा इतिहास, एका डॉक्टरांनी सोवा रिग्पा ही तिथली औषधपद्धती, आणि माझ्या वाट्याला आहार आला. त्या त्या जागी पोहोचल्यावर ज्याचा विषय असेल त्याने दहा मिनिटे बोलायचे आणि मग वाटाड्याने त्यात भर घालायची किंवा चूक दुरुस्त करायची, असा नेम ठेवला. चुका बऱ्याच निघाल्या, आणि त्या दुरुस्त होताना झालेल्या गप्पा सर्वांत रंगल्या. वाटाड्या निवडताना कंपनीला स्पष्ट लिहा की पक्षी, विणकाम किंवा नृत्य यांपैकी अमुक विषय जाणणारा माणूस हवा. सर्व परवानाधारक वाटाड्यांना सगळे विषय सारखे येत नाहीत.

मुलांसाठी मी फोबजिखाच सुचवेन. खोऱ्याच्या कडेने पाइनच्या जंगलातून जाणारी दोन-तीन तासांची सोपी पायवाट आहे. संध्याकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहिलात तर बुखारीभोवती, म्हणजे लाकडाच्या शेगडीभोवती, बसून मुलांना बटाटे सोलायला मिळतील. एमा दात्शी, म्हणजे मिरची आणि चीजची भाजी, फार तिखट असते, तेव्हा मुलांसाठी केवा दात्शी, म्हणजे बटाटा आणि चीजची भाजी, मागा. त्या चार दिवसांत फोन कमी लागतो. क्रौंच मोजण्याची वही त्यांच्या हाती द्या. आमच्या गटातल्या तेरा वर्षांच्या मुलाने रोज सकाळी आणि संध्याकाळी मोजणी केली, आणि चौथ्या दिवशी माहितीकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांना आपले आकडे दाखवले. त्यांनी ते आपल्या आकड्यांशी ताडून पाहिले. त्याचा आकडा कमी निघाला, कारण खोऱ्याच्या पलीकडल्या वळणामागचे पक्षी त्याला दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या आधी तो एकटाच पहाटे उठला आणि त्या वळणापर्यंत चालत गेला.

ताणाबाणा

चैत्रपालवी ताई, पुढच्या वर्षी खोमाला जाण्याचे ठरवलेत तर मला जरूर कळवा. आईला न्यायचे आहे. थिंफूहून तिथपर्यंत रस्त्याने जायचे तर वाटेत बुमथांग आणि मोंगार येथे मुक्काम करावेच लागतात, त्यामुळे बारा रात्रींत ते बसणार नाही. किमान पंधरा धराव्यात, आणि त्यांतल्या पाच तरी त्या गावात.

सह्यपक्षी

तो रस्ता उराहून खाली लिंगमेथांगमार्गेच मोंगारला जातो. एप्रिलमध्ये जाणार असाल तर मलाही त्यात धरा. विणकर मंडळींनी पुढे खोमाला जावे, मी योंगकोलाला उतरेन आणि परतताना तुमच्या गाडीत बसेन.